हायकोर्टाची खुर्ची हे दुसरं चवदार तळं

तळं सगळ्यांना खुलं आहे असं कागदावर लिहिलेलं असतं आणि काठावर काठ्या घेतलेली माणसं उभी असतात. कागद खोटा नसतो. काठ्याही खोट्या नसतात. ह्या देशात दोन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि मधल्या मधे माणूस तहानेने मरतो.

हायकोर्टाच्या न्यायाधीशाची खुर्ची हे असलंच एक तळं आहे. घटनेचं कलम २१७ काढून बघा. भारताचा नागरिक असावा, दहा वर्षं न्यायखात्यात काढलेली असावीत किंवा दहा वर्षं हायकोर्टात वकिली केलेली असावी. झालं. जात विचारलेली नाही, बाप विचारलेला नाही, आडनाव विचारलेलं नाही. तळं खुलं!

आता काठावर काय चाललंय ते बघा. जुलै २०२३ मध्ये सरकारनेच संसदेत आकडे ठेवले. २०१८ पासून देशातल्या सगळ्या हायकोर्टांत मिळून ६०४ न्यायाधीश नेमले. त्यांत खुल्या वर्गातले ४५८. ओबीसी ७२. अल्पसंख्याक ३४. अनुसूचित जातींचे १८. अनुसूचित जमातींचे ९. उरलेल्या १३ जणांची माहितीच नाही. २०११ च्या जनगणनेत आपण शेकडा साडेसोळा भरलो. त्या हिशेबाने ६०४ मध्ये शंभर माणसं आपली पाहिजे होती. आली अठरा. ब्याऐंशी माणसं काठावरून परत धाडली, आणि कोणी परत धाडली त्याची कुठे नोंद नाही. २०१८ च्या आधीचा तर हिशेबच ठेवलेला नाही. चोर घर लुटताना यादी करत नाही.

मी कोर्टातला माणूस नाही. मॅट्रिक झालो आणि धक्क्यावर आलो. बार्ज लागली की टोळीबरोबर उतरायचं, नाही लागली तर वहीत कविता लिहायची. मग हायकोर्टाच्या खुर्चीशी माझा काय संबंध, असं विचाराल. संबंध पोटाचा आहे. आमच्या टोळीतला एक गडी फळी सरकून बार्जच्या पोटात पडला. कंबर गेली. खालच्या कोर्टात नुकसानभरपाईचा निकाल त्याच्या बाजूने लागला. ठेकेदार अपिलात गेला. अपील कुठे? हायकोर्टात. आता हा कंबर मोडलेला माणूस मांडव्याच्या लाँचने मुंबईला जातो, दिवसभर बाकावर बसतो आणि नवीन तारीख घेऊन येतो. दिल्लीचं सुप्रीम कोर्ट आमच्यासाठी चंद्रावर आहे. आमचा शेवटचा धक्का म्हणजे फोर्टातली ती काळ्या दगडाची इमारत. मजुरी, जमीन, झोपडी, अट्रॉसिटी, बदली, बडतर्फी, गरिबाची सगळी भांडणं तिथंच सुटतात किंवा तिथंच मरतात. म्हणून विचारतो, त्या खुर्चीवर कोण बसणार हे ठरवतं कोण?

दोन दिवस आणि दहा वर्षं

ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायला अमेरिकेला जायची आधी गरज नाही. आपल्या जिल्ह्यातच आहे. महाडला चला.

मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले हे तुम्हाला पाठ आहे. १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं तेही पाठ आहे. पण त्यानंतर कोर्टात काय झालं ते आपल्या सभांत फार सांगत नाहीत. सांगायला पाहिजे.

१२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सवर्णांनी दावा ठोकला. म्हणणं काय, तर तळं आमच्या मालकीचं, अस्पृश्यांनी शिवायचं नाही अशी अनादी काळापासूनची रूढी आहे. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. दोन दिवस! दोन दिवसांत तळं बंद. २५ डिसेंबरला हजारो माणसं महाडला जमली, मनुस्मृती जाळली, पण तळ्याचं पाणी प्याली नाहीत. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम पाळला. हजारो तहानलेल्या माणसांनी कागदाचा मान ठेवला. ज्यांना तुम्ही कायदा न मानणारे म्हणता त्यांनी. आणि ज्यांनी मार्चमध्ये जेवणाऱ्या माणसांच्या डोक्यात लाठ्या घातल्या होत्या ते दावा लावून सभ्य पक्षकार झाले.

मग निकाल कधी? महाडच्या कोर्टाचा १९३१ ला. ठाण्याला अपील, तिथला निकाल १९३३ ला. पुन्हा अपील, मुंबई हायकोर्ट, १७ मार्च १९३७. पाणी प्यायलेल्या दिवसापासून दहा वर्षांना तीन दिवस कमी. बंद करायला दोन दिवस, उघडायला दहा वर्षं. हा न्यायखात्याचा वेग आहे आणि तो दोन्ही बाजूंना सारखा नाही.

तिन्ही कोर्टांत आपण जिंकलो. जिंकलो म्हणून टाळ्या वाजवा, पण निकाल कशावर लागला ते वाचा. हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया होते. एक इंग्रज, एक पारशी. ब्रूमफील्ड म्हणजे तेच, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला गांधींना सहा वर्षांची सजा दिली होती. ते म्हणाले, तळं नगरपालिकेकडे आहे आणि सवर्ण म्हणतात ती रूढी ‘अनादी’ असल्याचं शाबित होत नाही. म्हणून अपील फेटाळलं. आणि रूढी शाबित झाली असती तर? तर ती गैरवाजवी होती का, लोकहिताच्या विरुद्ध होती का, हा विचार मग करावा लागला असता. आता करायची गरज नाही.

नीट ऐका दोस्तांनो. माणसाला पाणी पिऊ न देणं हा गुन्हा आहे असं त्या निकालात म्हटलेलं नाही. निकाल एवढंच म्हणतो की पाणी पिऊ न देण्याच्या चालीला पुरेशी वर्षं झाल्याचा पुरावा आला नाही. आपण माणूस म्हणून जिंकलो नाही. त्यांचा पुरावा कमी पडला म्हणून जिंकलो.

तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या तिन्ही कोर्टांतला एकही न्यायाधीश आपल्यातला नव्हता. म्हणजे न्यायाधीशाची जात निकाल लिहिते असं सरळ गणित नाही. मी तसं म्हणतही नाही. मी म्हणतो, कुठला प्रश्न विचारायचा आणि कुठला बाजूला ठेवायचा हे न्यायाधीश ठरवतो. ज्याला आयुष्यात कोणी पाणवठ्यावरून हाकललं नाही त्याला ‘रूढी किती जुनी’ हा प्रश्न आधी सुचतो. ज्याला हाकललंय त्याला दुसरा सुचतो.

पुढचं बघा. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. एका दलित कुटुंबातली चार माणसं गावाने मिळून मारली. भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ ला सजा दिल्या, पण अट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. २०१० ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सहा फाशी रद्द करून पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणल्या, आणि म्हटलं, हे सूडातून झालं. जातीतून नाही! अख्खं गाव एका घरावर तुटून पडतं आणि जात कुठे दिसत नाही. जात दिसायला चष्मा लागत नाही, पाठ लागते, वळ उठलेली.

आणि २० मार्च २०१८. तारीख बघा, महाडचीच. कऱ्हाडच्या एका कॉलेजातल्या दलित कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून गेलेला खटला. सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी अट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. आधी चौकशी, आधी परवानगी, मग अटक. २ एप्रिलला भारत बंद झाला, रस्त्यावर आपली पोरं मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला आणि १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टाने स्वतःच आपले आदेश मागे घेतले. आता हे लक्षात ठेवा : मे २०१० ला के. जी. बालकृष्णन निवृत्त झाले तेव्हापासून मे २०१९ ला भूषण गवई जाईपर्यंत, नऊ वर्षं, सुप्रीम कोर्टात एकही दलित न्यायाधीश नव्हता. म्हणजे ज्या दिवशी आपला कायदा मोडला त्या दिवशी त्या अख्ख्या इमारतीत आपला एकही न्यायाधीश नव्हता. मधल्या जेवणाच्या सुट्टीत ‘अहो, हे चुकतंय’ म्हणायलाही कोणी नव्हता.

मुकादमाचं बोट

हे होतं कसं? हायकोर्टाचा न्यायाधीश नेमतात कसा ते धक्क्यावरच्या माणसाला एका वाक्यात कळेल. जुन्या काळी बंदराच्या गेटवर सकाळी गर्दी व्हायची. मुकादम यायचा, बोट दाखवायचा, तू ये, तू ये, तू जा. कोणाला का घेतलं, कोणाला का नाही, विचारायची सोय नाही. भाचा असेल, गाववाला असेल, दारू पाजलेली असेल.

हायकोर्टाचंही असंच. हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश नावं काढतात. ती दिल्लीला जातात, तिथे सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश त्यातली निवडतात. ह्याला कॉलेजियम म्हणतात, कागदावर न्यायवृंद. जाहिरात नाही. अर्ज नाही. परीक्षा नाही. ज्याचं नाव निघालं नाही त्याला आपलं नाव कधी चर्चेला तरी आलं होतं का हेही कळत नाही. नाव निघतं कसं? ज्याला न्यायाधीश ओळखतात त्याचं. ओळखतात कोणाला? मोठ्या चेंबरमध्ये बसणाऱ्याला. मोठ्या चेंबरमध्ये बसतो कोण? ज्याचा बाप, काका, सासरा आधीच त्या इमारतीत आहे तो. ‘अंकल जज’ हा शब्द माझा नाही. तो २००९ च्या लॉ कमिशनच्या २३० व्या अहवालात आलेला आहे.

कलम २१७ मध्ये ह्या कॉलेजियमचं नाव नाही. ते ६ ऑक्टोबर १९९३ च्या निकालात न्यायाधीशांनी स्वतःच उभं केलं. न्यायाधीशांनी न्यायाधीश नेमायचे हे न्यायाधीशांनी ठरवलं. वा रे मालक!

बाबासाहेबांना हे आधीच दिसलं होतं. २४ मे १९४९, घटना समिती. न्यायाधीशांच्या नेमणुकीला सरन्यायाधीशाची संमती सक्तीची करा अशी दुरुस्ती आली होती. बाबासाहेब म्हणाले, सरन्यायाधीश मोठा माणूस असेल, पण तोही माणूसच आहे. त्यालाही आपल्यासारखे दोष, भावना, पूर्वग्रह आहेत. जो नकाराधिकार आपण राष्ट्रपतीला आणि सरकारला द्यायला तयार नाही तो एका न्यायाधीशाला देणं धोक्याचं आहे. त्याच भाषणात सरकारच्या मर्जीवर नेमणुका सोडणंही त्यांनी नाकारलं. दोन्ही किल्ल्या नको म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांनी कोर्टाने एक किल्ली आपल्याच कमरेला लावली.

२०१४ ला संसदेने नेमणूक आयोगाचा कायदा केला. सहा माणसांचा आयोग. त्यात दोन प्रतिष्ठित व्यक्ती, आणि त्यांतली एक अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक किंवा स्त्री. १६ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी तो आयोग रद्द केला. कारण दिलं न्यायसंस्थेचं स्वातंत्र्य. ह्या देशातल्या पाच जनसमूहांना मिळून सहांत एक खुर्ची, तीही दुसऱ्यांनी नेमलेली, तरी स्वातंत्र्य धोक्यात!

मला त्या आयोगाचं प्रेम नाही. त्यात कायदामंत्री होता, आणि मंत्र्याच्या हातातलं कोर्ट काय करतं ते देशाने आणीबाणीत बघितलं. एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आणीबाणीत तुरुंगात डांबलेल्या माणसाला दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले आणि १९७७ च्या जानेवारीत त्यांची सरन्यायाधीशाची पाळी डावलली. तेव्हा मंत्र्याच्या कमरेची किल्लीही नको.

‘मग निवडणूक घ्या’

इथं आपल्यातलेच काही दोस्त टेबलावर हात आपटतात. म्हणतात, मग सोपं आहे, न्यायाधीश निवडून द्या. आमदार निवडतो, सरपंच निवडतो, न्यायाधीश का नाही? आणि उदाहरण देतात मेक्सिकोचं. १ जून २०२५ ला मेक्सिकोने सगळ्या देशात मतदान घेऊन न्यायाधीश निवडले, आणि ह्यूगो आगीलार हा मिश्तेक आदिवासी वकील सुप्रीम कोर्टाचा अध्यक्ष झाला. आदिवासी माणूस, लोकांच्या मतांवर, सगळ्यांत वरच्या खुर्चीवर! ऐकून रक्त उसळतं. माझंही उसळलं.

पण त्याच निवडणुकीत मतदान किती झालं? शंभरातल्या तेरा माणसांनी. नावांच्या याद्या इतक्या लांब की कोणाला मत द्यायचं त्याच्या छापील चिठ्ठ्या लोकांच्या हातात आधीच पोचल्या होत्या. चिठ्ठी कोण छापतो? ज्याच्याकडे छापखाना आहे तो. उमेदवार चाळून कोणी दिले? सरकार, संसद आणि कोर्ट यांच्या समित्यांनी. म्हणजे मुकादम तोच, फक्त गेट मोठं.

निवडणुकीने निवडलेला न्याय रायगडच्या किनाऱ्याला नवा नाही. त्याला आपण गावकी म्हणतो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, रोहा, गावागावांत विचारा. गावकीचे पंच कोणी दिल्लीहून पाठवत नाही, गावच बसवतं. आणि ते काय करतात? देवळात बैठक लावतात, दंड ठोकतात, आणि दंड भरला नाही तर कुटुंब वाळीत टाकतात. किराणा बंद, पाणी बंद, लग्नाला बोलावणं बंद, मयताला खांदा बंद. वाळीत टाकण्याची इतकी प्रकरणं ह्या जिल्ह्यातून वर आली की २०१६ ला महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. लोकांचा न्याय म्हणून जो उमाळा येतो त्याने आधी गावकीच्या बैठकीत एकदा उभं राहावं. बहुमत तिथं असतं. एकमतसुद्धा असतं. फक्त वाळीत पडलेलं घर मतदार नसतं.

आणि महाडची नगरपालिका विसरू नका. मुंबई कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ ला झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ ला तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठरावाने कोणी पाणी प्यालं नाही. पण बाबासाहेब प्रत्यक्ष पाणी प्याले तेव्हा त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ ला ठराव मागे घेतला. बोल्यांच्या ठरावाला त्याच तारखेला चार वर्षं. कोर्ट मध्ये आलं ते त्यानंतर. आधी तळं बंद केलं ते मतांवर चालणाऱ्या सभेने, हात वर करून.

आता जा अमेरिकेला. अलाबामा राज्यात सगळी अपिलाची कोर्टं मतांवर भरतात. सुप्रीम कोर्ट नऊ, दिवाणी अपील कोर्ट पाच, फौजदारी अपील कोर्ट पाच. अख्खं राज्य मिळून मतदान. राज्यात दर चार माणसांत एक काळा. २०१६ ला काळ्या मतदारांनी दावा लावला तेव्हा एकोणीसच्या एकोणीस न्यायाधीश गोरे होते. २०२० ला कोर्टाने दावा फेटाळला. मत सगळ्यांना, खुर्ची एकालाच. ओळखीचं वाटतं ना?

पण त्याच देशात लुइझियाना आहे. तिथे न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्तीला गोऱ्या उपनगरांबरोबर एकाच मतदारसंघात बांधलं होतं, म्हणून सुप्रीम कोर्टात काळा माणूस येईना. काळे मतदार भांडले. १९९१ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की मताधिकाराचा कायदा न्यायाधीशांच्या निवडणुकीलाही लागू आहे. मग मतदारसंघ वेगळा झाला आणि १९९४ ला बर्नेट जॉन्सन ही काळी बाई निवडून आली. २०१३ ला ती त्या राज्याची मुख्य न्यायाधीश झाली.

फरक कशाचा? दोन्हीकडे निवडणूकच. फरक एवढाच की आपला माणूस कोणाच्या मतांनी निवडायचा. आणि हा धडा आपल्याला कोणी अमेरिकन शिकवायला नको. २४ सप्टेंबर १९३२, पुणे करार. राखीव जागा घ्या, पण त्यावरचा माणूस आम्ही निवडणार. तेव्हापासून आपल्या राखीव जागेवर तोच बसतो जो त्यांना चालतो. घटना लिहिणाऱ्या माणसाला १९५२ ला मुंबईत पाडलं, १९५४ ला भंडाऱ्यात पाडलं. सरसकट मतांनी न्यायाधीश निवडायचे असतील तर हायकोर्टात कोण येईल ते मी आज सांगतो. येईल तो, जो गावच्या पाटलाला चालतो. पुढच्या निवडणुकीचं भय बाळगणारा न्यायाधीश खैरलांजीचा खटला चालवेल? च्यायला, तो त्या दिवशी रजेवर जाईल.

मग पाहिजे काय?

बंदरावर मुकादमाचं बोट कशाने मोडलं? नवा दयाळू मुकादम आणून नाही. मुकादमाची निवडणूक घेऊन नाही. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने. त्यातून गोदी कामगारांच्या बोर्डांची योजना झाली. कामगारांची नोंदणी, हजेरीपट, पाळीने काम. नाव पटावर आहे, पाळी आली आहे, तर काम द्यावंच लागेल. बोटाच्या जागी पट आला. हक्क पटावर असतो, बोटावर नसतो.

आम्ही हायकोर्टाचा पट मागतो.

एक. हायकोर्टात अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि स्त्रियांसाठी राखीव जागा. घटना दुरुस्त करून, आकडा लिहून. ‘विचार करू’, ‘लक्षात ठेवू’ नको. लक्षात ठेवण्याचा हिशेब आपण वर बघितला, ६०४ मध्ये अठरा.

दोन. जाहिरात, अर्ज, परीक्षा. खालच्या कोर्टाचा न्यायाधीश व्हायला एमपीएससीची परीक्षा आहे आणि आपल्या वस्तीतली पोरंपोरी ती पास होतात. पण तिथून शिडी चढत हायकोर्टाच्या दारात पोचेपर्यंत केस पिकतात आणि बासष्टला निवृत्ती. वरच्या दाराने मात्र चेंबरवाले पंचेचाळिशीत आत. आम्हाला ‘गुणवत्ता’ सांगता? मग परीक्षा घ्या ना! परीक्षेला कोण भितो ते कळेल.

तीन. सरकारी वकिलांच्या यादीत राखीव जागा. हायकोर्टाचा रस्ता त्या यादीतून जातो. आपल्या वकिलाला सरकारी ब्रीफ मिळत नाही, म्हणून तो न्यायाधीशासमोर उभा राहत नाही, म्हणून तो ‘माहीत’ होत नाही, म्हणून त्याचं नाव निघत नाही. साखळी पहिल्या कडीला तोडा.

चार. निवडणूक घ्यायचीच असेल तर निवडणाऱ्यांची घ्या. न्यायाधीश निवडणारं मंडळ करा, त्यात निम्मे न्यायाधीश नसलेले ठेवा, मंत्री एकही नको. आणि त्या मंडळावरचा आमचा माणूस मंत्र्याने, न्यायाधीशाने नेमलेला नको. आमच्या वकिलांनी, आमच्या शिक्षकांनी, आमच्या कामगारांनी, आमच्याच मतांनी निवडलेला पाहिजे. १९३२ ला जे हिसकावलं ते एवढ्या एका जागेवर तरी परत करा.

पाच. उघडा दप्तर. कोणाचं नाव आलं, कोणी सुचवलं, का घेतलं, का टाकलं, कोण कोणाचा नातेवाईक, सगळं छापा. आपलं दप्तर दाखवायला जो लाजतो त्याने दुसऱ्याचा न्याय करू नये.

कोणी म्हणेल, आता तक्रार कशाला, गवई सरन्यायाधीश झाले ना? झाले. अमरावतीचा आपला माणूस, मे २०२५ ते नोव्हेंबर २०२५. आम्हाला अभिमान आहे. पण ६ ऑक्टोबर २०२५ ला त्याच सरन्यायाधीशावर, भर कोर्टात, एका वकिलाने सनातनाच्या नावाने बूट फेकायचा प्रयत्न केला. देशातली सगळ्यांत उंच खुर्ची, आणि तिथपर्यंतही पायताण पोचलं. एका माणसाने पाणी प्यालं म्हणजे तळं खुलं झालं असं नसतं. महाडला बाबासाहेब एकटे पाणी प्यायला गेले असते तर मिरवणूक लागली नसती. ते हजारोंना घेऊन गेले, कारण प्रश्न एका ओंजळीचा नव्हता.

तेव्हा दोस्तांनो, येत्या २० मार्चला महाडला जाल. तळ्याच्या काठावर उभे राहाल, ओंजळ भराल, फोटो काढाल. जरूर काढा. पण परत येताना हातात एक कागद असू द्या, ह्या पाच मागण्यांचा. वस्तीत लावा. लॉ कॉलेजच्या गेटवर लावा. बार रूमच्या दारावर लावा. आपल्यातल्या जो-जो काळा कोट घालतो त्याच्या खिशात घाला आणि त्याला विचारा : गड्या, तू तळ्यापर्यंत आलास, आता ओंजळ भरणार की काठावरच्याला नमस्कार करून परत फिरणार?

कागद १९५० पासून आपल्या हातात आहे. काठ्या अजून त्यांच्या हातात आहेत. पायऱ्या मात्र कोणाच्या बापाच्या नाहीत.

उतरा.